ओट्याखालची हवा

पुण्यातल्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या स्वयंपाकघरं नव्यानं करून घेण्याचं काम जोरात चाललं आहे. कडप्प्याचा ओटा जाऊन ग्रॅनाइटचा येतो, शेगडीच्या जागी ओट्यात बसवलेला हॉब येतो, सिलिंडर ट्रॉलीच्या दाराआड जातो. खालच्या संवादातल्या मामांनी उमेदीची वर्षं गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणून काढली. त्यांची भाची इंटिरियर डिझायनर आहे आणि मामांच्याच घराचं काम तिनं अंगावर घेतलं आहे. दोघांनाही आपापल्या कामातलं नीट कळतं, म्हणून त्यांचं भांडण ऐकण्यासारखं आहे. माझा कल कुणीकडे आहे हे मी लपवणार नाही.

भाची : मामा, नकाशा बघून घ्या. हॉब या भिंतीला, वर चिमणी. हॉबखाली तीन ड्रॉवर, शेजारच्या खणात सिलिंडर. ड्राय बाल्कनीला काच लावून ती आत घेतली की जागाही वाढते.

मामा : सगळं बघितलं. आता हवा कुठून येणार ते दाखव.

भाची : चिमणी आहे ना. ताशी बाराशे घनमीटर ओढते.

मामा : ओढते, पण कुठून? खिडकी तू बाल्कनीत उघडलीस आणि बाल्कनीला काच लावलीस. तुझी मामी फोडणीचा वास हॉलमध्ये जाऊ नये म्हणून दार लोटून घेते. हवा बाहेर जायची वाट तू काढलीस, आत यायची विसरलीस. बंद खोलीत पंखा पहिलं अर्धं मिनिट ओढेल, मग नुसता घरघरेल.

भाची : दाराच्या फटीतून येते की तेवढी.

तेवढी येत नाही, आणि हे आकड्यांनी पाहता येतं. आठ बाय आठचं, साडेनऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण सतरा घनमीटर हवा. ताशी बाराशे घनमीटर म्हणजे ही सगळी हवा एका मिनिटाच्या आत बाहेर फेकायची. खोक्यावरचा आकडा बहुतेकदा पाइप न जोडता, अडथळ्याविना मोजलेला असतो, म्हणून त्यातला निम्माच धरू. तरी तेवढी हवा सेकंदाला एक मीटर अशा सावकाश वेगानं आत यायची तर जवळपास दोन चौरस फुटांची मोकळी वाट लागते. दाराखालच्या फटीत ती नसते. मग चिमणी वेगळीच वाट शोधते. बहुतेक फ्लॅटमध्ये ती वाट बाथरूममधून, डक्टकडच्या खिडकीतून येते.

मामा : आणि त्या बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर? त्याचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात ओढला जाईल. त्यात कार्बन मोनॉक्साइड असेल तर त्याला ना रंग, ना वास. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही, अशा बातम्या आपल्याकडे येतात.

भाची : गॅस गीझर या घरात नाही. तुम्ही मला घाबरवू नका. खिडकीचं तुम्ही एवढं कौतुक करता, पण उघड्या खिडकीचा काय अनुभव आहे? वारा आला की ज्योत फडफडते, बारीक आचेवर असली तर विझते आणि गॅस चालूच राहतो. फोडणीचा धूर चिमणीत जायच्या आधी वारा तो हॉलमध्ये नेतो. रस्त्यावरची धूळ दुधाच्या पातेल्यात. पावसाळ्यात तर खिडकी उघडताच येत नाही. खिडकीवर भरवसा ठेवणं म्हणजे हवामानावर भरवसा ठेवणं.

मामा : ज्योत विझण्याचं बोललीस ते खरं आहे. म्हणून मी तुला हॉब घेताना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारा घ्यायला सांगतो. त्याला बर्नरपाशी एक बारीक दांडी असते, ती गार पडली की आतला व्हॉल्व्ह मिटतो. आपल्याकडच्या साध्या शेगड्यांना बहुतेक ती नसते.

भाची : बजेट वाढेल.

मामा : वरच्या कपाटांचा चकचकीत लॅमिनेट साधा कर.

इथे भाचीची बाजू मला पूर्ण पटते. खिडकी ही वाट आहे, पण ती बेभरवशाची वाट आहे. कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरची पडली, की जे बारीक तेलकट कण उडतात ते उडता क्षणी, वरच्या वरच पकडायला हवेत. एकदा ते खोलीभर पसरले की खिडकी त्यांना हळूहळू पातळ करते, तोवर शिजवणारीच्या छातीत ते गेलेले असतात. म्हणून चिमणी हवी आणि ती जागेवर हवी : हॉबपासून सव्वीस ते तीस इंच उंचीवर, रुंदीला हॉबपेक्षा कमी नाही. त्याहून वर टांगली तर धूर कडेनं निसटतो, खाली आणली तर तापते आणि डोक्याला लागते.

मामा : मी चिमणीच्या विरोधात कधी होतो? पाइप कुठून नेतेस ते सांग.

भाची : सोसायटी दर्शनी भिंतीला भोक पाडू देत नाही. मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा तर फॉल्स सीलिंगमधून चौदा फूट आणि तीन वळणं. नाहीतर पाइपच नको, फिल्टरवाली घेऊ. कोळशाचा फिल्टर हवा शुद्ध करून खोलीतच सोडतो.

मामा : तो वास कमी करतो, काही महिने. नंतर फिल्टर भरतो आणि तो कुणी बदलत नाही. पण नवा असतानाही उष्णता कुठे जाते? वाफ कुठे जाते? कार्बन मोनॉक्साइड त्या कोळशात अडकत नाही. सगळं परत तुझ्या मामीच्या तोंडावर.

वाफेबद्दल दोन शब्द. आपण वाफ म्हणतो ती भाताची, पण गॅस जळतानाही पाणी तयार होतं. एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्यांतल्या हायड्रोजनचं जळून पाणीच होतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपानं खोलीत येतं. चौदा किलो दोनशे ग्रॅमचा सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत बावीस लिटर पाणी मिसळलेलं असतं. ऑगस्टमध्ये ओट्यामागच्या भिंतीला काळी बुरशी येते आणि घरचे गळती शोधत बसतात. त्यातलं बरंच पाणी या वाटेनं आलेलं असतं. पाइप नसलेली चिमणी यातलं काहीच बाहेर नेत नाही.

आणखी एक गोष्ट ज्योत करते, निळी आणि नीट जळत असली तरी करते. तापलेल्या ज्योतीत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठेवली होती, २०२१ साली ती १० वर आणली. ज्योत निळी आहे एवढ्यावर आपण निर्धास्त राहतो. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो आहे, हे खरंच. (दूध उतू गेल्यावर घटकाभर दिसणारा पिवळा रंग निराळा, तो सांडलेल्यातल्या सोडियमचा.) पण निळ्या ज्योतीलाही बाहेरची वाट लागते.

भाची : मग मामा, गॅसच नको ना. मी वाचलंय, २०१३ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली, त्यात गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये दम्याचा धोका ४२ टक्के जास्त निघाला. इंडक्शन लावू. उष्णता कमी, ज्योत नाही, सिलिंडर नाही.

मामा : आणि फोडणी? ती इंडक्शनवर धूर करत नाही का? भाकरी कशावर भाजायची? वांगं कशावर? वीज गेली की काय?

तिचा आकडा बरोबर आहे, पण तो एकटाच उभा करू नये. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात लाकूड-कोळशाच्या मानानं गॅस फुफ्फुसांना पुष्कळच बरा ठरला. विजेच्या मानानं न्यूमोनियाचा आणि फुफ्फुसांच्या जुनाट विकाराचा धोका थोडा जास्त दिसला, दम्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे प्रश्न घराघरानं बदलतो. ज्या घरात कालपर्यंत चूल होती तिथे गॅस ही सुटकाच आहे. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापक लावून त्यांच्या वाट्याचा धूर मोजला, तेव्हा कुठे या धुराकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून बघायला सुरुवात झाली. चुलीचं गुणगान करणाऱ्यांनी चुलीपुढे बसून बघावं.

मात्र त्या जुन्या घरात एक गोष्ट होती. कौलांच्या फटी होत्या, कुठे धुराडं होतं, वाड्यात वर झरोका होता. धूर डोळ्यांना दिसत होता, म्हणून बांधणारा त्याची वाट ठेवत होता. गॅस आला, धूर दिसेनासा झाला आणि आपण ती वाटच बुजवून टाकली. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्योत आहे तिथे वाट हवी, मग काही दिसो अथवा न दिसो. आणि वाट एक पुरत नाही : खालून आत येणारी एक, वरून बाहेर जाणारी एक.

भाची : बरं, पाइपचं मी बघते. सोसायटीला अर्ज करू, मागच्या भिंतीला सहा इंचांचं कोअर कटिंग. वळणं दोनच ठेवते. आता सिलिंडरच्या खणाला तरी नाही म्हणू नका.

मामा : त्यालाच तर नाही म्हणतोय. दार, मागे प्लाय, खाली प्लाय. पेटीच झाली ती.

भाची : सिलिंडर दिसायला वाईट दिसतो. उघडा ठेवला की त्याच्यामागे झुरळं, खाली गंजाचं वर्तुळ. आणि कंपनीचा माणूस तपासून देतो, रबरी वॉशर बघतो. गळणार कशाला?

मामा : गळणार नाही असं धरूनच मी तीस वर्षं घरोघर गेलो असतो तर मला कामच राहिलं नसतं. वॉशर झिजतो, नळी कडक होते. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. किती घरांत बदलतात? ट्रॉलीत लपली की तिच्यावरची तारीख कुणी वाचतसुद्धा नाही.

एलपीजी हवेपेक्षा जवळजवळ दुपटीनं जड असतो. गळला की जमिनीवर पसरतो, खड्ड्यात, मोरीत, नहाणी ट्रॅपमध्ये उतरतो. हवेत तो दोन टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीनं पेटतो. अख्खं स्वयंपाकघर त्या टक्क्यावर यायला, गॅस सगळीकडे सारखा मिसळला असं धरलं, तर पाऊण किलो गळावा लागेल. पण दोन फूट रुंद, दीड फूट खोल आणि अडीच फूट उंच अशा बंद खणात? तिथे दहा ग्रॅमही पुरतात, असं मामांनी तिला सांगितलं. गॅसला मुद्दाम घातलेला मर्कॅप्टनचा वास त्या खणातच कोंडतो आणि दार उघडलं की एकदम येतो. भाचीचा खण मला या हिशेबानंतर डोळ्यांसमोर नको वाटतो.

भाची : दहा ग्रॅम? हे मला कुणी शिकवलं नाही. मग दारालाच लूव्हर देते. तळाशी पूर्ण रुंदीची, चार इंच उंच. खालचा प्लाय काढते, सिलिंडर थेट फरशीवर. वरही फट ठेवते. मागचा प्लायही नको.

मामा : आता खण चालेल. सिलिंडर उभाच आणि शेगडीपेक्षा खालीच. नळी खणातून खणात जाताना भोकाच्या धारेवर घासू देऊ नकोस. आणि फ्रिज त्याच्या शेजारी नको, त्याचा स्विच आपल्या मर्जीनं चालू-बंद होतो.

भाची : गॅसचा वास ओळखणारं सेन्सर चिमणीतच असलेलं मॉडेल आहे, ते घेऊ?

मामा : गॅस जमिनीवर, सेन्सर डोक्याच्या उंचीवर. एलपीजीचं सेन्सर फरशीपासून फूटभर उंचीवर लावतात. आणि वास आला की चिमणी, एक्झॉस्ट, दिवा, कशाच्याच बटणाला हात लावायचा नाही. चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर आणि बाहेर गेल्यावर १९०६ला फोन. पहाटे उठून दिवा लावला आणि भडका उडाला, असं होतं ते रात्रभर साचलेल्या गॅसमुळे.

हॉबखालच्या ड्रॉवरवर दोघांचं जास्त वेळ अडलं. शेगडी ओट्यावर चार पायांवर उभी असायची, तिच्याखालून हवा खेळायची. हॉबचं पोट ओट्याच्या आत असतं, आणि बर्नरच्या मिश्रणनळीला जी हवा लागते ती कित्येक मॉडेलांत त्या पोटाकडूनच येते. ती जागा बंद झाली की दोन गोष्टी होतात. ज्योतीला हवा कमी पडून पातेल्यांची बुडं काळी होतात, आणि खालचा खण तापतो.

भाची : खालचा ड्रॉवर मसाल्यांसाठी ठेवलाय. हाताशी बरा पडतो.

मामा : मसाल्याचा वास चार महिन्यांत उडेल. ते तरी परवडलं. लोक तिथे तेलाच्या बाटल्या, काडेपेट्या, झुरळांचा स्प्रे ठेवतात. दाबाखाली भरलेला डबा तापत्या पत्र्याखाली! लायटरची बॅटरीही तिथेच असते. नळी पत्र्याला टेकली तर उष्णतेनं चिरते. वरच्या काचेचंही तसंच : मोठा तवा नाहीतर पसरट कढई बर्नरभर झाकते, आच खाली फेकली जाते, खालून हवा नाही. मग काचेला कडेला टवका असेल तर ती एक दिवस तडकते.

भाची : मग वरचा ड्रॉवर खोटा करते, नुसती दर्शनी पट्टी. हॉबखाली आडवी फळी, म्हणजे ड्रॉवरमधल्या कशाचाही हॉबला स्पर्श नाही. फळी मागच्या भिंतीपासून दोन इंच सुटी, म्हणजे गरम हवा मागून वर जाईल. दर्शनी पट्टीत फट. नेमकी किती ते हॉबच्या पुस्तिकेत असतं, तसंच करते.

मामा : पुस्तिका सुताराला दे. तो कधी वाचत नाही, कारण ती त्याला कुणी देतच नाही.

ही सूचना छोटी वाटेल, पण हॉबच्या बहुतेक तक्रारी मला इथेच सुरू झालेल्या दिसतात. पुस्तिका हॉबबरोबर येते आणि हॉब सगळ्यात शेवटी येतो, फर्निचर झाल्यावर. आधी हॉब ठरवावा, मग खण कापावा.

उरला उकाडा. दोन बर्नर मोठ्या आचेवर चालले तर तासाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, म्हणजे साडेचार किलोवॅट. भारतीय मानकानुसार शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. म्हणजे चांगल्या शेगडीतूनही तिसरा हिस्सा उष्णता भांड्याबाहेर जाते. थंडीत खोली तापवायचा हीटर जेवढा, जवळपास तेवढी ऊब एप्रिलच्या दुपारी ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर येते. भांड्यातून निघणारी वाफ वेगळीच.

भाची : म्हणून तर मी ओपन किचन सुचवलं होतं. हॉलमधल्या एसीनं सगळंच गार.

मामा : स्प्लिट एसी घरातलीच हवा फिरवतो. बाहेरची आणत नाही. तुम्ही खिडक्या लावून एसी चालवणार, मामी त्याच हवेत दोन बर्नर पेटवणार. गार वाटेल, पण हवा तीच.

भाची : मग मामीनं घामाघूम व्हायचं? तुम्ही दोन तास उभं राहून बघा तिथे.

मामा : बघितलंय. आजही सकाळची भाजी मीच करतो. पंखा लावता येतो, पण ज्योतीवर नाही. भिंतीवरचा छोटा पंखा, दाराच्या बाजूला, पाठीवर येईल असा. वारा दाराकडून आला की पाठीला लागून वर चिमणीकडे जातो. चिमणी स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी लावायची, संपल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची. झाकण ठेवायचं, उकळी आली की आच कमी करायची. बुडाबाहेर आलेली ज्योत अन्न शिजवत नाही, खोली तापवते.

भाचीनं टोकलं ते बरंच झालं. हवेच्या चर्चेत शिजवणारं माणूस हमखास मागे राहतं. पंख्याची जागा, चिमणीचा आवाज, खिडकीच्या जाळीवर साचलेला तेलकट थर, हे सगळं ज्याला रोज सोसावं लागतं त्याला नकाशा आधी दाखवावा. जाळीचं तर कुणीच बोलत नाही : डासांसाठी लावलेली बारीक जाळी तेलानं आणि धुळीनं वर्षभरात निम्मी बुजते. खिडकी उघडी दिसते आणि हवा येत नाही. ती काढून धुता येईल अशी चौकट करून घ्यावी.

भाची : ठीक. दाराला खालून लूव्हर, भिंतीवर पंखा, जाळी सुटी. मला वाटलं त्याहून बरंच कमी तोडफोडीत होतंय. पण बाल्कनीची काच मी लावणारच. पावसाचं पाणी आत येतं, मामी किती वर्षं सांगतेय.

मामा : लाव. खालचा दीड फूट लूव्हर ठेव. गॅस गळला तर तिथून तरी बाहेर पडेल.

भाची : खालीच का? पुढच्या वर्षी इमारतीत पाइप गॅस येतोय, सिलिंडर जाणारच.

मामा : मग तर वरही ठेव. पाइपातला गॅस म्हणजे मिथेन, तो हवेहून हलका. गळला की छताला जाऊन साचतो. तेव्हा सेन्सरही खालून काढून वर लावायचं. आणि हॉबचे जेट बदलून घ्यायचे, पाइप गॅसला भोक मोठं लागतं. ते काम कंपनीच्या माणसाकडूनच, सुताराकडून नाही.

भाची : म्हणजे काच मधोमध, खाली-वर लूव्हर. पावसाचं पाणी?

मामा : वरच्या लूव्हरवर छज्जा नऊ इंच आहे. पुरेल असं मला वाटतं.

भाची : मला नाही वाटत. पश्चिमेची बाजू आहे, जुलैत झड थेट आत येते. पात्यांचा उतार बाहेर देऊन मागे पन्हळ ठेवावी लागेल. उद्या सकाळी सुतार येतोय, त्याच्यासमोर मोजू.